सोमल, ठसा आणि अहवाल : फॉरेन्सिक पेशाची भारतातली वाटचाल

आजचा विषय जाहीर झाल्यापासून बहुतेकांकडून एकच प्रश्न आला. दहावी-बारावीची मुलं, त्यांचे पालक, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, सगळे विचारतात : "फॉरेन्सिकमध्ये जायचंय, त्यासाठी काय शिकावं लागेल?" त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी मात्र हा पेशा आपल्याकडे आला कुठून, ते बघायला हवं. कारण मालिकांमध्ये दिसणारा माणूस, म्हणजे जो घटनास्थळी जातो, केस उचलतो, प्रयोगशाळेत तोच तपासतो, आणि संध्याकाळी आरोपीलाही तोच पकडतो, असा माणूस आपल्या व्यवस्थेत नोकरीला नाही. ही तीन-चार वेगवेगळी कामं आहेत. ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून निर्माण झाली. ती वेगळी का ठेवली, हे कळलं की यातलं आपलं काम कोणतं, हेही कळायला सोपं जातं.

आपल्याकडे या पेशाचे दोन जुने उगम आहेत, एक विष आणि दुसरा ठसा. आधी विषाकडे जाऊ.

बडोद्याचा पेला

९ नोव्हेंबर १८७४. बडोदा संस्थान, इंग्रजांची रेसिडेन्सी. रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून येतात आणि नेहमीप्रमाणे ठेवलेलं सरबत घेतात. पपनसाचं सरबत. दोन-तीन घोट घेतल्यावर त्यांना बरं वाटेनासं होतं, ते उरलेलं सरबत खिडकीबाहेर ओतून देतात. पेला खाली ठेवताना तळाशी गाळ दिसतो. तो गाळ फेकला जात नाही. इथून पुढचा सगळा इतिहास त्या उरलेल्या गाळामुळे घडला.

रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी गाळ ताब्यात घेतला, थोडी परीक्षा केली आणि तो मुंबईला पाठवला. मुंबईलाच का? तर तिथे सरकारचा केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे रासायनिक विश्लेषक होता. त्या वेळी ते काम डॉ. ग्रे यांच्याकडे होतं. त्यांना गाळात सोमल, म्हणजे पांढरं आर्सेनिक, सापडलं. शिवाय एक बारीक, चकाकणारी पूड सापडली. ती त्यांना पहिल्यांदा काचेची किंवा गारेची पूड वाटली.

आता इथे जरा थांबू. तिकडे बडोद्यात कर्नल फेअर यांना गुप्तपणे बातमी मिळाली होती की विषात हिऱ्याची पूड घातली आहे. हिरा पोटात गेला की माणूस मरतो ही समजूत आपल्याकडे जुनी, 'हिरा गिळून जीव दिला' अशा गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हिरा म्हणजे कार्बन, तो विष नाही. पण ही बातमी मुंबईला पोचली, आणि मग त्या चकाकणाऱ्या कणांत हिरा असू शकतो असं मत आलं. बचावाचे वकील अर्थातच यावर बोट ठेवणार. आधी काच दिसली, मग बातमी आली आणि हिरा दिसला, असं कसं?

आजच्या फॉरेन्सिक अभ्यासक्रमात या प्रश्नाला मोठी जागा आहे. तपासणाऱ्याला काय सापडायला हवं आहे हे आधीच कळलं, तर त्याच्या नजरेवर परिणाम होतो का? होतो. ठशांच्या तज्ज्ञांवर अलीकडच्या काळात जे प्रयोग झाले त्यांतही हे दिसलं. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा तपासनिसाला गरजेपुरतीच माहिती देतात. हा धडा १८७४ साली आपल्या अंगणात घडून गेला होता, त्या वेळी त्याला नाव नव्हतं एवढंच.

पुढे काय झालं? मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसं घेऊन बडोद्याला आले. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी माफीचा साक्षीदार झाला. थोडी पूड आपण कमरपट्ट्यात ठेवली होती, असं त्याने सांगितलं. तो पट्टा एव्हाना दुसऱ्याच शिपायाकडे गेला होता. तो आणवला, पोलिसांच्या माणसाने चाचपला आणि आत पुडी निघाली. पुडीतही सोमल. हे सगळं डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे घटनेनंतर दीड महिन्याने.

१८७५च्या जानेवारीत महाराज मल्हारराव गायकवाडांना अटक झाली आणि फेब्रुवारीत चौकशी मंडळ बसलं. सहा सदस्य होते. त्यांतले तीन इंग्रज होते. उरलेले तीन म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आले. त्यांनी त्या पट्ट्यावर आणि पुडीवर जोरदार उलटतपासणी केली. पुडी इतके दिवस तिथेच कशी राहिली? ती सापडताना नेमकं कोण जवळ होतं? ती आधीपासून होती की नंतर आली?

निकाल काय लागला? तीन विरुद्ध तीन. इंग्रज सदस्यांच्या मते आरोप सिद्ध झाला, हिंदी सदस्यांच्या मते झाला नाही. सरकारने मग गैरकारभाराचं कारण दाखवून मल्हाररावांना एप्रिलमध्ये पदच्युत केलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून एक मुलगा दत्तक आणला गेला. तेच पुढचे सयाजीराव महाराज.

या प्रकरणाचं राजकारण आपल्याला बऱ्यापैकी माहीत असतं. आज मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. पेल्यात सोमल होता, याबद्दल फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो सोमल कोणी घातला, कोणाच्या सांगण्यावरून घातला, आणि पट्ट्यातली पुडी विश्वासार्ह आहे का, यावर. रसायनशास्त्राला 'काय' याचं उत्तर देता आलं. 'कोण' हे त्याला सांगता येत नव्हतं. आणि पुडीच्या बाबतीत तर रसायन अगदी बरोबर असूनही पुरावा लंगडा पडला, कारण ती सापडण्याची रीत लंगडी होती. आज आपण ज्याला मुद्देमालाची साखळी म्हणतो, म्हणजे वस्तू कोणी उचलली, कोणासमोर उचलली, सील कोणी केलं, लाखेवर मोहोर कोणाची, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ती कोणाच्या ताब्यात होती, ती साखळी तिथे तुटली होती.

मुंबईची नोकरी

मग हा रासायनिक विश्लेषक नावाचा सरकारी माणूस आला कुठून? भारतात असं पहिलं खातं १८४९ साली मद्रासला निघालं. मग १८५३ साली कलकत्ता, १८६४ साली आग्रा आणि १८७० साली मुंबई. म्हणजे बडोद्याचा गाळ आला तेव्हा मुंबईचं खातं जेमतेम चार वर्षांचं होतं.

याचं कारण सोमल. तो बाजारात सहज मिळायचा. त्याला चव नाही, वास नाही. त्याने होणारे जुलाब-उलट्या पटकीसारख्याच दिसतात, आणि पटकी तर दरसालची. म्हणजे विषप्रयोगाने मेलेला माणूस पटकीत खपून जायचा. दुसरं विष धोत्र्याचं. वाटसरूंना खाण्यातून धोत्रा घालायचा, ते बेशुद्ध पडले की लुटायचं, हा त्या काळातला ठरलेला गुन्हा होता. युरोपात १८३६ साली जेम्स मार्श यांनी आर्सेनिकची अतिशय संवेदनशील परीक्षा शोधली होती. ती करायला शिकलेला माणूस हवा, काच हवी, शुद्ध रसायनं हवीत. हे सगळं असेल कुठे? मेडिकल कॉलेजात. म्हणून मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधला रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि सरकारी विश्लेषक ही दोन कामं बराच काळ एकाच माणसाकडे राहिली. आयझिडोर लायन हे अशाच प्राध्यापकांपैकी. भारतासाठी न्यायवैद्यकाचं पुस्तक त्यांनी लिहिलं, ते १८८०च्या दशकाच्या अखेरीस निघालं आणि पुढे वर्षानुवर्षं चाललं. नंतर १९२० साली जयसिंग मोदी यांचं पुस्तक आलं. ते आजही नव्या आवृत्त्यांतून न्यायालयांत उद्धृत होतं. वकिलांना नुसतं 'मोदी' म्हटलं की कळतं. (हशा) वकिलांना, असं म्हणालो मी.

आजही आपल्या पोलीस ठाण्यात 'सीए रिपोर्ट आला का?' असं विचारतात. हे 'सीए' म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट नव्हेत, ते केमिकल अ‍ॅनालायझर. दीडशे वर्षांपूर्वीचं पद बोलण्यात तसंच टिकून आहे.

या नोकरीचं एक वैशिष्ट्य कायद्याने घडवलं. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५१० होतं. सरकारी रासायनिक परीक्षकाचा अहवाल, तो स्वतः साक्षीला न येताही, पुरावा म्हणून वाचता येईल, असं ते कलम सांगायचं. १९७३च्या संहितेत ते कलम २९३ झालं, आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत ३२९. सोय उघड आहे. एका माणसाकडे प्रांतभरातून बरण्या येणार, तो प्रत्येक न्यायालयात कसा जाईल? पण या सोयीची किंमतही आहे. अहवाल म्हणजे एक कागद, आणि कागदाची उलटतपासणी होत नाही. न्यायालयाला वाटलं तर ते तज्ज्ञाला बोलावू शकतं, पण बोलावलं नाही तर तो कागदच बोलतो. म्हणून या पेशात अहवाल लिहिणं हेच निम्मं काम आहे. 'विष आढळले' आणि 'विषाने मृत्यू झाला' या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे. पहिलं वाक्य प्रयोगशाळेचं, दुसरं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरचं. आणि 'विष अमुक माणसाने दिलं' हे तिसरं वाक्य फक्त न्यायालयाचं.

कलकत्त्याची कपाटं

आता दुसरा उगम, म्हणजे ठसा. ही गोष्ट बंगालची.

१८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण अधिकारी होता. त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार केला, आणि करारामागे कोनाईच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. उद्देश साधा होता : पुढे 'ही सही माझी नाही' असं त्याने म्हणू नये. गुन्ह्याशी याचा काही संबंध नव्हता. पण हर्शेलला छंद लागला. तो स्वतःचे, मित्रांचे ठसे वर्षानुवर्षं जमवत गेला आणि ते बदलत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं. १८७७ साली हुगळीला त्याने दस्तनोंदणीला आणि पेन्शन घेणाऱ्यांना ठसे लागू केले. मेलेल्या माणसाची पेन्शन दुसराच कोणी उचलतो, हा प्रश्न तेव्हाही होता.

ठसा कायम राहतो, प्रत्येकाचा वेगळा असतो, इथपर्यंत ठीक. १८८०ला हेन्री फॉल्ड्स यांनी तसं लेखात मांडलं, १८९२ला फ्रान्सिस गाल्टन यांनी पुस्तक लिहिलं. अडचण वेगळीच होती. समजा तुमच्याकडे वीस हजार कैद्यांचे ठसे आहेत. आज एक माणूस पकडला, तो नाव खोटं सांगतो. तो या वीस हजारांत आहे का, हे कसं शोधणार? एकेक कागद बघत बसलात तर आठवडे जातील. नाव खोटं, त्यामुळे अकारविल्हे यादीचा उपयोग नाही. म्हणून पॅरिसच्या बर्टिलॉन यांची अंगमापनाची पद्धत चालू होती : डोकं किती, हाताची लांबी किती, अशी मापं घेऊन कागद लावायचे. पण प्रत्येक शिपाई माप थोडं वेगळं घ्यायचा.

बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली दोन माणसं होती, काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. हक गणितात हुशार, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले. ठसे शोधता येतील असे लावायचे कसे, हे कोडं त्यांनी सोडवलं. पद्धत इतकी सुंदर आहे की मी ती सांगतोच.

दहा बोटं. पाच जोड्या करा. पहिल्या जोडीला किंमत १६, दुसरीला ८, मग ४, २ आणि १. आपल्याकडे हस्तरेषावाले 'किती चक्रं, किती शंख' असं विचारतात ना? इथे चक्रच बघायचं. बोटावर चक्र असेल तर त्या जोडीची किंमत धरायची, नसेल तर शून्य. उजव्या अंगठ्यापासून मोजत दुसरं, चौथं, सहावं, आठवं, दहावं बोट अपूर्णांकात वर. पहिलं, तिसरं, पाचवं, सातवं, नववं खाली. बेरीज करा आणि दोन्हीकडे एक मिळवा. समजा एखाद्याला उजव्या तर्जनीवर आणि उजव्या अनामिकेवरच चक्र आहे. तर्जनी दुसरं बोट, तिचे १६. अनामिका चौथं, तिचे ८. बेरीज २४, अधिक एक म्हणजे २५. खाली काहीच नाही, म्हणून नुसता १. या माणसाचा कागद २५ वर १ या कप्प्यात जाईल. वर ३२ शक्यता, खाली ३२ शक्यता, बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे १०२४ कप्पे. पकडलेल्या माणसाचे ठसे घेतले, आकडा काढला की थेट त्या कप्प्याकडे. नाव खोटं असलं तरी चालतं, बोटं खोटं बोलत नाहीत. बोस यांनी या कप्प्यांच्या आतले उपविभाग आणि ठसे तारेने कळवण्याची सांकेतिक पद्धत यांवर काम केलं.

सरकारने समिती नेमली, समितीने अनुकूल मत दिलं आणि १८९७च्या जूनमध्ये पद्धत मान्य झाली. अंगमापनाच्या जागी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये ठशांचं खातं सुरू झालं. जगातल्या अशा अगदी पहिल्या खात्यांपैकी हे एक. १८९९ साली पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये 'बोटांचे ठसे' हे शब्द घातले गेले. तेव्हापासून ठसेतज्ज्ञाचं मत कायद्यात बसलं. १९०१ साली हेन्री लंडनला गेले आणि स्कॉटलंड यार्डमध्ये हीच पद्धत सुरू झाली.

पद्धतीला नाव मिळालं 'हेन्री पद्धती'. हक आणि बोस यांना पुढे खानबहादूर आणि रायबहादूर असे किताब मिळाले, प्रत्येकी पाच हजार रुपये मानधनही मिळालं. पण यासाठी त्यांना अर्ज-विनंत्यांत बरीच वर्षं घालवावी लागली. खुद्द हेन्री यांनी १९२६ साली, निवृत्तीनंतर, हक यांचा वाटा इतर कोणाही सहकाऱ्यापेक्षा मोठा होता असं पत्रात मान्य केलं. आता ब्रिटनमधल्या ठसेतज्ज्ञांच्या संस्थेचा संशोधन पुरस्कार बोस-हक या नावाने आहे. म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालावर साहेबाची सही असली, तरी मोजणी कोणी केली होती हा प्रश्न या पेशाच्या जन्मापासूनचा आहे.

याच काळातला एक खटला सांगतो. १८९७ साली जलपाईगुडीच्या चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, पेटी फोडून पैसे नेले. पेटीतल्या बंगाली पंचांगावर दोन तपकिरी डाग होते. त्यांतल्या एका डागात ठसा दिसत होता. तो आधी शिक्षा झालेल्या कांगाली चरण नावाच्या माणसाच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. या माणसाचा कागद खात्यात होता, म्हणून तर जुळवता आला. खटला चालला. निकाल काय? त्याला चोरीची शिक्षा झाली, खुनाची झाली नाही. ठशाने तो माणूस पेटीपाशी होता हे दाखवलं, सुरा त्याच्याच हातात होता हे दाखवलं नाही. न्यायालयाने तेवढंच मानलं. बडोद्याच्या सोमलाची आणि या ठशाची गोष्ट म्हणजे एकच गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आली असेल.

ठशाची दुसरी बाजू

आता जरा अवघड भाग. हा सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

ठशांची कपाटं कशासाठी भरली? खुनी शोधायला, हे झालं एक उत्तर. दुसरं उत्तर आपल्या महाराष्ट्रात शोधावं लागतं. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११च्या कायद्याने तो देशभर लागू करण्यासारखा झाला, आणि त्यात नोंदणी झालेल्या जमातीच्या माणसाचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार दिला होता. 'केव्हाही' या शब्दाकडे लक्ष द्या. गुन्हा घडलेला नाही, आरोप नाही. माणूस पारधी आहे, कैकाडी आहे, मांग-गारुडी आहे, एवढंच पुरे. सोलापूरची सेटलमेंट, तिथलं तारेचं कुंपण, दिवसातून ठरलेल्या वेळी द्यायची हजेरी, हे त्या लोकांच्या आत्मकथनांतून मराठी वाचकाला ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. कागदावर. पोलिसांची पहिली नजर कोणत्या पालांवर जाते, हे आजही त्या वस्त्यांना विचारून बघा.

मग ठसा वाईट का? ठसा तोच. चहामळ्याच्या पंचांगावरचा आणि सेटलमेंटच्या रजिस्टरातला, दोन्ही शाईचेच. प्रश्न असतो तो नोंद कोणाची ठेवायची, किती काळ ठेवायची आणि कोणाच्या परवानगीने, हा. स्वतंत्र भारतात हा प्रश्न न्यायालयात गेला. 'मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड' या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी ठरवलं की आरोपीचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नाही. मर्यादा कुठे, ते २०१० साली सेल्वी खटल्यात स्पष्ट झालं : संमतीविना नार्को चाचणी, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. पुढे २०२२ साली नवा ओळख कायदा आला. त्यात बुबुळांपासून जैविक नमुन्यांपर्यंत बरंच काही घेण्याची तरतूद आहे आणि नोंदी ७५ वर्षं ठेवण्याची मुभा आहे. म्हणजे हा वाद अजून चालूच आहे, आणि या पेशात येणारा माणूस त्याच्या बाहेर राहू शकत नाही.

याची उजळ बाजूही आहे. १९८४ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए ओळखीची पद्धत शोधली. खुनाच्या तपासात ती पहिल्यांदा वापरली, तेव्हा तिने सर्वांत आधी काय केलं? एका तरुणाने कबुली दिली होती, तो पोलिसांच्या ताब्यात होता. चाचणीने तो निर्दोष ठरला. खरा गुन्हेगार नंतर सापडला. कबुलीजबाबावर भिस्त ठेवणाऱ्या कोणत्याही पोलीस व्यवस्थेसाठी हे उदाहरण भिंतीवर लावण्यासारखं आहे. चांगल्या फॉरेन्सिकमुळे कोठडीत मारहाण करून कबुली काढण्याचं कारणच उरत नाही. या पेशाकडे जाण्याचं याहून मोठं कारण मला दुसरं दिसत नाही.

आज

स्वातंत्र्यानंतर हे दोन प्रवाह एका छपराखाली यायला लागले. कलकत्त्याला १९५२ साली पहिली राज्य फॉरेन्सिक प्रयोगशाळा निघाली, मुंबईत १९५८ साली. आज आपल्या राज्याचं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय मुंबईत कलिन्याला आहे, आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती अशा ठिकाणी विभागीय प्रयोगशाळा आहेत. सागर विद्यापीठाने १९५९ साली हा विषय शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या विद्यापीठाला २०२० साली राष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि गोव्यात फोंड्यालाही त्याचं केंद्र आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. काय शिकायचं? आधी स्वतःला विचारा, वरच्या गोष्टीतला कोणता माणूस व्हायचंय?

डॉ. ग्रे व्हायचं असेल, म्हणजे विष, रक्त, डीएनए, स्फोटकं तपासायची असतील, तर रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र पक्कं हवं. फॉरेन्सिकची पदवी घेतलीत तरी मूळ विषय कच्चा ठेवून चालणार नाही. प्रयोगशाळेतली पदं वैज्ञानिक सहायक, सहायक रासायनिक विश्लेषक अशा नावांनी निघतात. जाहिरातीतली पात्रता नीट वाचा, कारण कुठे फॉरेन्सिकची पदवी चालते, कुठे मूळ विषयाचीच मागतात.

शवविच्छेदन करायचं असेल तर एमबीबीएस करून न्यायवैद्यकात एमडी.

हक आणि बोस व्हायचं असेल तर ठसे. ते काम पोलीस खात्याकडे आहे. आपल्याकडे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं अंगुलिमुद्रा केंद्र पुण्याला आहे. ठसेतज्ज्ञाला केंद्रीय अंगुलिमुद्रा विभागाची अखिल भारतीय परीक्षा पार करावी लागते. १०२४ कप्प्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे. २०२२पासून 'नाफिस' नावाची देशभराची प्रणाली चालू आहे. संगणक मिळतेजुळते ठसे सुचवतो, पण शेवटचं 'होय' किंवा 'नाही' माणूसच म्हणतो, आणि साक्षीच्या पिंजऱ्यातही तोच उभा राहतो.

राहिला तिसरा माणूस, घटनास्थळावरचा. पेल्यातला गाळ जपणारा, पट्ट्यातली पुडी पंचांसमोर रीतसर काढणारा. हे काम आजवर बहुतेक तपासी अंमलदारच करत आला. बंदोबस्त, कोर्ट, आठ तपास हातात, आणि त्यातच पंचनामा. इथेच सर्वांत जास्त पुरावा हरवतो : गर्दीच्या पायांखाली, ओल्याच प्लास्टिकच्या पिशवीत भरलेल्या रक्ताळलेल्या कपड्यांत, लेबल न लावलेल्या बाटलीत. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ने हे बदलायचं ठरवलं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, पुरावा गोळा करायचा आणि चित्रीकरण करायचं. राज्यांना हे लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे. फिरत्या फॉरेन्सिक व्हॅन रस्त्यावर यायला लागल्या आहेत. म्हणजे टीव्हीवर दिसतं त्याच्या जवळ जाणारी नोकरी आपल्याकडे आता कुठे सुरू होते आहे. आजचे विद्यार्थी तिचे पहिले कर्मचारी असतील.

या कामाला काय लागतं, ते पालकांनाही सांगून ठेवतो. वासाची सवय लागते. रात्री-अपरात्री जावं लागतं. अक्षर नीट, तारीख-वेळ अचूक आणि शब्द मोजके हवेत. न्यायालयात वकील खोचक प्रश्न विचारतो तेव्हा न चिडता 'हे मला माझ्या तपासणीवरून सांगता येत नाही' असं म्हणण्याची तयारी लागते. हे वाक्य कोणत्याही अभ्यासक्रमात गुणांसाठी येत नाही. पण जलपाईगुडीत तेवढ्या मर्यादेने एका माणसाला न सिद्ध झालेल्या खुनाची शिक्षा टळली, आणि बडोद्यात त्या मर्यादेचा आग्रह धरणारे निम्मे सदस्य बसले होते म्हणून निकाल एकतर्फी लागला नाही.

प्रयोगशाळेच्या टेबलावर येते ती बरणी, पाकीट किंवा कपडा. मागे कोणाचा तरी मृत्यू असतो, पुढे कोणाचं तरी स्वातंत्र्य. दोघांपैकी कोणालाही तुम्ही ओळखत नसता, आणि ओळखू नये हेच बरं. जे दिसलं ते लिहायचं, जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, आणि सील नीट लावायचं. एवढं ज्याला जमेल, त्याने या पेशात जरूर यावं.

आता प्रश्न घेऊ.